चार बोटं रुंद पट्टा

वरकुट्याच्या कार्यक्रमात पायल मधेच खाली बसली आणि तिथून सगळं बिनसलं.

बसली म्हणजे काही खुर्ची मागवून, पाय पसरून बसली नाही. गाणं ऐन रंगात असताना डाव्या हाताची बोटं परक्याची झाली, तारेवर आहेत की नाहीत तेच कळेना, तेव्हा शेजारच्या स्पीकरच्या खोक्यावर ती नुसती टेकली. वाजवायची थांबली नाही. पण कळंबच्या त्या गायन पार्टीत बसणं म्हणजे बसणं. टेकणं, कलणं, विसावणं असले पोटभेद तिथं चालत नव्हते. पहिल्या रांगेतले ज्ञानूतात्या उठले, काठी उचलली आणि मंडपाबाहेर चालते झाले.

पार्टी त्यांचीच. ऐन तारुण्यात त्यांनी ती उभी केली होती, आणि खरोखरच उभी केली होती. त्याआधी त्यांचे वाडवडील कुठं गायला गेले, तर मंडपाच्या कडेला, लोक चपला काढतात तिथं जमिनीवर बसून गायचे. ऐकणारे बाजेवर. बुद्धधम्म घेतल्यावर तात्यांनी ठरवलं की आता आपण गायचं ते उभ्यानं. ऐकणाऱ्यांनी मान वर करून ऐकायचं. तेव्हापासून ढोलकीवालासुद्धा ढोलकी कमरेला बांधून उभा. पेटी गेली, कीबोर्ड आला, तो उंच स्टँडवर. माणसं बदलली, गाणी बदलली, उभं राहणं तेवढं राहिलं. ही गोष्ट तात्यांचा मुलगा संघपाल दर कार्यक्रमाला माईकवरून सांगायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे. पायललाही ती आवडायची. ती पार्टीत आली त्याला ती गोष्टही थोडी कारण होती.

आली ती बेस गिटार घेऊनच. बेस गिटार म्हणजे साध्या गिटारीची थोरली जाऊ. अंगानं दांडगी, आवाजानं खर्जातली, पुढंपुढं न करणारी. पण ती एक दिवस रुसली की घराचं घरपण जातं. बारामतीचा एक ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा पायलनं त्यांचा बेस घेतला. ज्यानं विकला त्यानं सांगितलं की लाकूड जुनं आहे, असं आता मिळत नाही. ते खरंच होतं. तो गळ्यात अडकवला की सागवानी पाट बांधून उभं राहिल्यासारखं वाटायचं. पण आवाज असा, की ऐकणाऱ्याच्या कानाला कळायच्या आधी पोटाला कळायचा.

वरकुट्याहून परत येताना टेम्पोत संघपालनं विषय काढला. ओरडला नाही. संघपाल कधी ओरडायचा नाही, हीच त्याची खोड. मऊ आवाजात म्हणाला की बेस आता कीबोर्डच्या डाव्या हातानंही निघतो, जग पुढं गेलंय. लेडीज माणसाला एवढं वजन झेपत नाही, त्यात कमीपणा कसला. पायलनं कोरसला उभं राहावं, साडीत बरी दिसते.

"इंदापूरच्या कार्यक्रमाला शेवटपातुर उभी ऱ्हायलीस तर ऱ्हा," तो म्हणाला. "न्हायतर कीबोर्ड हायच."

पायलचे दात एकमेकांवर असे बसले होते की उत्तराला बाहेर यायला जागा नव्हती. वजन झेपत नाही! तिची आई चतुराबाई उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळी चढून ट्रकमध्ये टाकायची, तेव्हा कुणी म्हटलं नव्हतं की लेडीज माणसाला झेपणार नाही. आणि हे म्हणणारा कोण? ज्याच्या कीबोर्डला स्टँड, ज्याच्या माईकला स्टँड, ज्यानं उभ्या जन्मात खांद्यावर टाकलं ते फक्त शाल-श्रीफळातली शाल.

खरी गोम पट्ट्यात होती आणि तो पट्टा संघपालनंच दिलेला होता. पायल पार्टीत आली त्या दिवशी स्पीकर टेम्पोत आवळायचा नायलॉनचा एक पट्टा त्यानं तिच्यापुढं टाकला होता. हा घे, उगं बारामतीला कशाला जातीस. दोन बोटं रुंद, कडा सुरीसारख्या. तो खांद्यात रुतायचा आणि वर घसरायचाही. घसरला की बेसची दांडी जमिनीकडं झेपावायची, मग डाव्या हातानं वाजवायचंही आणि दांडी उचलूनही धरायची. त्यात पार्टीचा नियम, बायकांनी पांढरी साडी नेसायची. पदर डाव्या खांद्यावर, पदराची पिन डाव्या खांद्यावर आणि पट्टाही डाव्याच खांद्यावर. कार्यक्रम संपेस्तोवर ती पिन अशी आत जायची, की पायलला वाटायचं, ही आता बहुतेक पलीकडून निघणार. पुरुषांना पिन नव्हती, त्यामुळं पिनेचा प्रश्नही नव्हता.

चतुराबाईनं लेकीच्या खांद्यावरचा वळ पाहिला होता. जुन्या साडीच्या घड्या घालून, गोधडीसारखे दाट टाके मारून तिनं त्या पट्ट्यासाठी मऊ खोळ शिवली. वरकुट्याला पायलनं तीच घातली होती. मऊ होती, पण जुन्या साडीचं कापड गुळगुळीत. पट्टा आधी घसरत होता, आता वाहायला लागला. दांडी सावरता सावरता हात बधिर झाला आणि टेकायची वेळ आली. आईवर चिडायची सोय नव्हती. ती विचारत होती, "उपेग झाला का गं खोळीचा?" आणि पायल म्हणाली, "झाला की." म्हणजे आईच्या वाटणीचा रागही आता संघपालच्याच खात्यावर गेला.

दुसऱ्या दिवशी जंक्शन गावातल्या, ती नोकरी करायची त्या लॅबमध्ये एका म्हातारीचं रक्त काढताना तिची बोटं थरथरली. म्हातारीनंच तिचा हात धरून धीर दिला. तेव्हा पायलनं ठरवलं की आता बारामती.

बेस सोबत घेऊनच ती एसटीत चढली. कंडक्टरनं त्या लांबलचक पिशवीकडं बघून ह्यांचं तिकीट काढायचं का विचारलं आणि स्वतःच हसला. पायल हसली नाही.

बारामतीतलं वाद्यांचं ते दुकान रणजित नावाच्या माणसाचं. बोलायला गोड, दाढी कोरलेली, मनगटात जाड कडं. पायलनं पट्टा हवा म्हणून सांगितलं, तर त्यानं पहिल्यांदा विचारलं की गिटार भाऊ वाजवतो का. मी वाजवते म्हटल्यावर त्यानं लगबगीनं गुलाबी पट्टा काढला. त्यावर फुलं, फुलांवर फुलपाखरं.

"हा लेडीज पट्टा, ताई. खूप चालतो."

"माझ्या खांद्याला बाई-पुरुष कळत न्हाय, दादा," पायल म्हणाली. "वजन कळतं. वजनाचा दाखवा."

मग त्यानं रबरी, फुगीर पट्टा काढला. पाणबुडे घालतात त्या कापडाचा, बाहेरून आलेला. हातात दाबला तर लोण्यासारखा. वजन निम्मं वाटतं असं तो म्हणाला, आणि पायलनं बेस पिशवीतून काढून त्याला अडकवला तेव्हा खरंच तसं वाटलं. दुसरी कुणी असती तर तेवढ्यावर भाळून घरी गेली असती. पायल तिथंच उभी राहिली.

"उभी राहून बघते," ती म्हणाली.

"बघा की, पाच मिनिटं."

"कार्यक्रम काय पाच मिनिटांचा असतो व्हय?"

आणि ती उभी राहिली. दुकानाच्या मधोमध, गळ्यात बेस, गाणी मनातल्या मनात आणि बोटं तारांवर. गिऱ्हाइकं आली, तिला वळसा घालून बासऱ्या घेऊन गेली. एका आजोबांनी तिला दुकानातली समजून पेटीच्या भात्याची चौकशी केली. रणजितनं खुर्ची पुढं सरकवली. ताई, बसून घ्या ना. ती नको म्हणाली. चहा आला, तेव्हा त्यानं पुन्हा खुर्ची सरकवली. तिसऱ्यांदा तो खुर्चीला हात लावतोय असं दिसताच पायलनं त्याच्याकडं असं पाहिलं, की त्यानं खुर्ची उचलून थेट आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

रबरी पट्टा लोण्यासारखा होता तो लोण्यासारखाच वागला. ताणला गेला. जरा हललं की बेस पाळण्यासारखा खालीवर, आणि थोड्या वेळानं तो गुडघ्याकडं निघाला. तिनं तो काढला. दुसरा जाड सुती होता, घसरत नव्हता, पण कापड मधे गोळा होऊन त्याची दोरी व्हायची. तिसऱ्याची कडा कापायची. रणजितचा गोडवा हळूहळू विरला. सगळे असेच असतात ताई, बेस जडच असतो, असं म्हणून तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. त्याचं बसणं पाहून तिला आणखी राग आला.

चौथा तिनं स्वतःच काढला. मागच्या भिंतीवर, कुणाच्या नजरेत न भरणारा, मातकट रंगाचा. हाताची चार बोटं जोडून ठेवली तर बरोब्बर झाकेल एवढा रुंद. म्हशीच्या कातड्याचा, बाहेरून गुळगुळीत, आतून खरबरीत. अडकवल्यावर पहिल्यांदा तो काही फार मऊ लागला नाही. पण कपड्याला धरून बसला. दांडी सोडून दिली तरी जागची हलेना. पायलनं लांबी कमी केली, बेस पोटाशी घेतला आणि पुन्हा उभी राहिली. डावा हात आता फक्त वाजवत होता. बाहेर ऊन कलंडलं, रणजितनं दिवे लावले आणि तिची बोटं अजून तिचीच होती.

तिला रडू आलं. रागानंच आलं. इतकी साधी गोष्ट होती, एक रुंद पट्टा, आणि त्याच्यावाचून लोकांनी तिला लेडीज माणूस ठरवलं होतं.

कळंबला विहाराशेजारच्या हॉलमध्ये पार्टीची तालीम चालायची. इंदापूरच्या कार्यक्रमाआधीची शेवटची तालीम म्हणून ज्ञानूतात्याही आले होते आणि भिंतीला टेकून उभे होते. वय झालं तरी तालमीत ते बसत नसत. पायलनं बेस अडकवला, आणि एक तार छेडली असेल नसेल, तोच त्यांची काठी जमिनीवर वाजली.

"कशाचा हाय त्यो पट्टा?"

"चामड्याचा, तात्या."

"काढ."

पायलला वाटलं, ऐकण्यात काही चुकलं. तात्यांनी पुन्हा सांगितलं, काढ, हितं कातडं खांद्यावर घेऊन कुणी उभं ऱ्हानार न्हाय.

"मग ढोलकीला काय हाय? तिलाबी कातडंच हाय की."

"ती वाजवायला हाय. ह्यो खांद्यावर बसतोय." तात्यांचा आवाज चढला नाही, बारीक झाला. "माझ्या बापाच्या ह्या खांद्यावर दोराचा वळ व्हता, मरंपातुर. गावात ढोर मेलं की दोर खांद्यावर घेऊन वढ्याकडं वढत न्यायचं, मग सोलायचं, मग वलं कातडं त्याच खांद्यावर टाकून घरला. छप्पन सालानंतर त्यानं दोरबी टाकला आन कातडंबी. मरताना मला म्हनला, पुना ह्या खांद्यावर येऊ दिऊ नगं."

हे पायलला कुणी सांगितलंच नव्हतं. पार्टीतल्या कुणालाच माहीत नव्हतं, हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. उभं राहण्याची गोष्ट माईकवरून सांगायची आणि खांद्याची गोष्ट पोटात ठेवायची. टाळ्या पडतील तेवढंच बाहेर. आणि तिनं नेमकं तेच कातडं, वणवण करून, चार बोटं मोजून आणलं होतं. तिला तात्यांची माया आली आणि त्याच वेळी असा राग आला, की तो कुठं ठेवावा कळेना.

"बसायचं न्हाय म्हणता," ती म्हणाली. "कातडं न्हाय म्हणता. मग हे लाकूड मी अडकवू कुठं, तात्या?"

संघपाल मऊ आवाजात मधे पडला. म्हणूनच मी म्हणत होतो, कीबोर्ड. उगं सगळ्यांच्या जिवाला त्रास.

तो बोलला नसता तर पायल कदाचित तशीच निघून गेली असती. त्या मऊ आवाजानं घात केला. तिनं बेस उतरवला, भिंतीला लावला, ओढणी बाजूला केली आणि ड्रेसचा गळा खांद्यावरून सरकवला. हॉलमध्ये सगळी पुरुषमाणसं, एकटी प्राची तेवढी बाई, मुख्य गाणारी. ढोलकीवाल्यानं मान खाली घातली. तात्यांनी नाही घातली.

वळ काळानिळा होता. दोन बोटं रुंद, मानेच्या मुळापासून खांद्याच्या टोकाकडं गेलेला, आणि त्याच्या मधे पिनेच्या टोचण्यांच्या बारीक खपल्या.

"ह्यात कातडं न्हाय, तात्या," पायल म्हणाली. "निस्ता नायलॉन हाय. पर वळ तितंच उठलाय."

तात्या काठी टेकत जवळ आले. हात लावला नाही. बराच वेळ नुसतं बघत राहिले, घरातली हरवलेली वस्तू परक्याच्या घरात दिसावी तसे. मग त्यांनी विचारलं, हा नायलॉन कुणी दिला. नाव घ्यायची गरजच नव्हती, सगळे संघपालकडं बघत होते.

"घाल," तात्या त्याला म्हणाले.

"काय तात्या, आता ह्या वयात..."

"घाल त्यो. आन ऱ्हा हुबा. प्राची, गाणं म्हण."

पायलनं पिशवीतून नायलॉनचा पट्टा काढला, बेसला लावला आणि स्वतःच्या हातानं संघपालच्या गळ्यात घातला. हार घालावा तसा. प्राचीनं नेमकं सगळ्यात लांबलचक गाणं उचललं. पहिल्या कडव्याला संघपाल हसत होता. दुसऱ्याला दांडी खाली गेली, ती त्यानं दचकून धरली. पुढं त्याचा खांदा कानाला लागला आणि हसू तोंडावर तसंच राहिलं, उतरवायचं विसरलेल्या तोरणासारखं. प्राचीनं शेवटचं कडवं दोनदा म्हटलं. मग तिला वाटलं असावं की लोकांना फारच आवडलंय, म्हणून आणखी एकदा म्हटलं.

"जमतंय की," संघपाल म्हणाला. पण पट्टा निघताच त्याचा हात मानेकडं गेला.

"पोरीच्या खांद्यावर दोर घातलास तू," तात्या म्हणाले. "आन वर म्हणतोस तिला झेपत न्हाय."

मग ते पायलकडं वळले. आता त्यो दुसरा आण. तिला कळेना. तात्यांनी काठी ढोलकीवाल्याकडं दिली आणि दोन्ही हात पुढं केले. जड हाय तात्या, असं दोघातिघांनी म्हटलं, ते त्यांनी ऐकलं नाही. पायलनं बेसला चामड्याचा पट्टा लावला आणि सावकाश त्यांच्या खांद्यावर चढवला, पण खालून हाताचा आधार सोडला नाही.

"हात काढ."

तिनं काढला. म्हातारा किंचित वाकला, मग सरळ झाला. डोळे मिटले. उजवा हात पट्ट्यावर गेला आणि त्याची रुंदी चाचपत राहिला, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, पुन्हा पुन्हा. गाणंबिणं काही चालू नव्हतं. सगळे आपापल्या जागी उभे. बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर आला आणि दूर गेला.

"बापाला असला रुंद पट्टा मिळाला असता तर वळ उठला नसता," तात्या म्हणाले. "ढोर मात्र वढावंच लागलं असतं."

बेस उतरवून त्यांनी पायलच्या हातात दिला, काठी घेतली आणि निघून गेले. वापर म्हणाले नाहीत, वापरू नको म्हणाले नाहीत.

त्यानंतर संघपालनं पायलला बाजूला घेऊन सुचवलं की पट्ट्यावर निळ्या कापडाची खोळ चढवू. तात्यांना दिसणार नाही, त्यांचंही मन राहील आणि तुझंही. खोळीचं नाव काढताच पायलचं डोकं पुन्हा तापलं.

"खोळ घसरते, दादा. आन तात्यांपासून मी काय लपवायची न्हाय. त्यांना नको असंल तर ते उठून जातील. मी हुबी ऱ्हानार."

इंदापूरचा कार्यक्रम दुपारचा होता. मंडपात पंखे होते, पण ते पाहुण्यांकडं तोंड करून. पायलनं साडीची पिन खांद्यावरून काढून खाली, छातीशी लावली होती. एवढी साधी अक्कल आधी का सुचली नाही, म्हणून ती स्वतःवरही चिडली होती. पदरावर चामड्याचा मातकट पट्टा उघडा, लांबून दिसेल असा. तात्या पहिल्या रांगेत येऊन बसले. काठी दोन्ही पायांच्या मधे, हनुवटी काठीवर.

संघपालनं माईकवरून उभं राहण्याची गोष्ट सांगितली. टाळ्या पडल्या. मग प्रत्येकाची ओळख करून देताना तो पायलपाशी आला आणि म्हणाला की ह्या आमच्या पायलताई, लेडीज असून एवढं जड वाद्य वाजवतात, त्यांच्यासाठी जोरदार टाळ्या. लोकांनी जोरदार वाजवल्या. पायलनं आवाजाचं बटण आणखी फिरवलं.

त्या दिवशी तिनं चिडून वाजवलं. आजवर दांडी सावरण्यात जो हात खर्ची पडत होता तो मोकळा होता आणि राग भरपूर होता. खर्जाचा सूर स्टेजच्या फळ्यांतून खाली गेला, खुर्च्यांच्या पायांतून वर आला. पहिल्या रांगेतल्या एका पाहुण्यानं पाण्याची बाटली थरथरते म्हणून हातात उचलून घेतली. कीबोर्डवर संघपाल डाव्या हातानं बेस घेण्याच्या भानगडीत पडला नाही. खांदा दुखला नाही असं नाही. दुखला, पण कामानं दुखतो तसा, मारानं दुखतो तसा नाही. बोटं शेवटपर्यंत तिचीच राहिली.

शेवटच्या गाण्याला तिनं तात्यांकडं पाहिलं. ते तिच्या तोंडाकडं बघतच नव्हते. त्यांची नजर तिच्या डाव्या खांद्यावर होती आणि ती तिथून हलली नाही. उठून मात्र ते गेले नाहीत.

सामान टेम्पोत चढवताना संघपाल म्हणाला, छान झालं, पट्टा बरा निघाला. पायलनं पिशवीतून नायलॉनचा पट्टा काढला आणि त्याच्या हातात ठेवला. स्पीकर आवळायला लागंल, म्हणाली. त्यानं खरंच त्या पट्ट्यानं स्पीकर आवळला.

टेम्पोत ड्रायव्हरशेजारची जागा तात्यांची. पार्टी निघाली तेव्हापासूनची. पायल मागच्या बाजूला, सामानात, बेस धरून उभी राहायला चढत होती, तर पुढून काठीचा आवाज आला. दार उघडं धरून तात्या खाली उभे होते.

"हिकडं ये," ते म्हणाले. "बस आता."

तिला वाटलं, ते म्हातारे, त्यांना बसू द्यावं. तसं ती म्हणालीही. तात्या खेकसले.

"बस म्हनतोय न्हवं. सरकून बस जरा, मलाबी बसायचंय."